‘हर्बल’ पेनातलं विष

लघवीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. विनय, माझा नवरा, तो कागद हातात घेऊन माझ्या खाटेशी आला आणि वाकून हळूच म्हणाला, "काहीच नाही निघालं. गांजा नाही, अफू नाही. सुटलीस तू."

मी सुटले नव्हते. एका हाताला सलाईन होतं, दुसऱ्या हातावर सुयांनी निळे डाग पडले होते. किडन्या नीट काम करेनाशा झाल्या होत्या. समोरची नर्स माझे श्वास मोजून कुणाला तरी कळवते आहे, अशी माझी पक्की खात्री झाली होती. हे सगळं एका नशेच्या विषानं केलं होतं आणि ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, मला आणि विनयला. आम्ही दोघंही गप्प होतो.

अकोल्याच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडून आता बरेच महिने झाले. ही हकीकत लिहितेय ती अशा घरांसाठी, जिथे आज असाच एखादा निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन माणसं खूश झाली असतील.

पेन

माझं नाव शुभांगी. माहेर भातकुलीचं, शेतीचं घर. सासर अकोल्याचं. विनय अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून आम्ही राजापेठेत राहतो आणि तिथल्याच एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. सकाळची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळच्या दोन बॅचेस. घसा दुखायचा, पाय दुखायचे, त्याचं काही वाटायचं नाही. पण माझी झोप गेली. डोळे मिटले की फळा दिसायचा. फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं दुसऱ्या दिवशी शिकवताना जीभ जड व्हायची, म्हणून ती मी सोडून दिली.

आमच्याकडे फिजिक्स शिकवणारे मंगेश सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, गोळ्या कायले खाता? हे पेन पाहा. हर्बल हाये. तंबाखू नाई, गांजा नाई. दोन झुरके घेतले का झोप."

तोंडाला लावून वाफ ओढायचं ते यंत्र दिसायला खरंच जाडसर पेनासारखं होतं. पाकिटावर हिरवं पान छापलेलं, त्याखाली 'लीगल' असा ठळक शब्द, आणि मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात 'मानवी सेवनासाठी नाही'. मी ते वाचलं. विचारलंही.

"ते कायद्यासाठी लिवा लागते," मंगेश सर हसून म्हणाले. "मी स्वतः ओढतो ना."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचाही त्या पाकिटावर विश्वास होता.

घरी विनयनं पेन पाहिलं, पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि म्हणाला, "गांजा नसेल तर एनडीपीएस लागत नाही." नशेच्या पदार्थांचा तो कायदा त्याला ठाऊक होता, पण त्याच्या हाती येणारी प्रकरणं जमिनीची, वाटण्यांची. पाकीट त्यानं मला परत दिलं. घरातल्या वकिलानंच पास केलं म्हटल्यावर माझी उरलीसुरली शंकाही गेली.

पहिले काही आठवडे मी लहान मुलासारखी झोपले. मग तेवढ्यात भागेना. सकाळी उठल्या उठल्या हात पेनाकडे जायला लागला, नाहीतर अंगाला घाम सुटायचा आणि पोटात ढवळायचं. दोन बॅचेसच्या मध्ये मी बाथरूममध्ये जाऊन झुरका मारून यायची. एकदा फळ्यावर गणित अर्ध्यात आलं आणि पुढची पायरीच सुचेना. मुलं बघत राहिली. मी म्हटलं, हे घरी सोडवून आणा. कुणाला काही कळलं नाही.

सासरचं स्वयंपाकघर

एका रविवारी आम्ही अकोल्याला गेलो होतो. सासूबाई भरतासाठी वांगी भाजत होत्या आणि मी कांदा चिरत होते. त्याआधी बाथरूममध्ये जाऊन मी पेनात नवी रिफील घालून ओढली होती. पाकीट तेच, पान तेच. आत मात्र काहीतरी दुसरंच होतं, किंवा तेच कितीतरी जास्त होतं.

कांदा चिरता चिरता वांग्यांचा चरचर आवाज अचानक इतका मोठा झाला की मी कानांवर हात ठेवले. काळीज असं धडधडायला लागलं की साडीवरून ते हलताना दिसत होतं. भिंत जवळ येत होती. सासूबाईंनी वळून काहीतरी विचारलं आणि मला वाटलं, ही बाई मला मारणार आहे. मी ओरडले. त्यापुढचं मला आठवत नाही. इतरांनी सांगितलं ते एवढंच की मी ओट्याला आपटून खाली पडले, हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. तोंडाला फेस आला. सासूबाई "काय झालं वं पोरीले!" म्हणून ओरडल्या तेव्हा शेजारचे धावत आले आणि त्यांनीच ऑटो थांबवली.

"काहीच घेत नाही"

कॅज्युअल्टीत मला अधूनमधून शुद्ध येत होती. तिथल्या डॉक्टरांचा प्रश्न मी ऐकला. "काही घेतात का ह्या? झोपेच्या गोळ्या, दारू, कसली नशा?"

विनयचं उत्तरही ऐकलं. "नाही. शिक्षिका आहे ती. काहीच घेत नाही."

त्या एका वाक्यामुळे पुढे जे झालं ते मी भोगलं. मेंदूत ताप शिरला असेल म्हणून पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. डोक्याचा स्कॅन झाला. मिरगी असेल, म्हणून एक औषध. रक्तदाब उतरेना, म्हणून दुसरं. उलट्या थांबेनात. लघवी कमी होत गेली आणि रक्ताच्या तपासणीत किडनीचे आकडे वाढत गेले. डायलिसिसचा शब्द मी पहिल्यांदा पडद्याआडून ऐकला. डॉक्टर अंधारात चाचपडत होते आणि दिव्याचं बटण आमच्या हाताशी होतं.

त्यातच मला भास व्हायला लागले. पंख्यातून नावं ऐकू यायची. पाणी दिलं की वाटायचं, त्यात काही घातलंय. मानसोपचाराचे डॉक्टर येऊन गेले, आणि बाहेर बाकावर बोलणं वेगळ्याच दिशेला गेलं. सासूबाईंनी माझ्या मायला विचारलं, "तुमच्या घरी कोणाले असं झालं होतं का आधी?"

माय भातकुलीहून नेसत्या लुगड्यानिशी आली होती. ती म्हणाली, "आमच्या घरी कोणाले काई नाई झालं. माही पोरगी गणित शिकवते, बाई. डोकं ठिकाणावर असल्याशिवाय गणित येते का कोणाले?"

दाराशी उभ्या विनयनं हे सगळं ऐकलं. तरीही तो काही बोलला नाही. त्याच्यावर माझा राग होता, आजही थोडा आहे. पण तो दुष्ट नव्हता. तो घाबरला होता. पोलीस, पेपरात नाव, माझी नोकरी, त्याची सनद, हे सगळं त्याला खोलीच्या चार कोपऱ्यांत उभं दिसत होतं. मला भास व्हायचे तसेच त्यालाही होत होते म्हणा ना.

वेणी

आयसीयूमध्ये दिवस कसा जातो ते आत गेल्याशिवाय कळत नाही. पहाटे रक्त घ्यायला येतात, मग अंग पुसायला, मग राउंड, मग एक्स-रेची गाडी खडखडत येते. भेटायच्या वेळेत एकच माणूस आत सोडतात. माय यायची आणि नुसते माझे तळपाय चोळत बसायची. कोणत्या पिशवीत किती लघवी जमा झाली ही तिथली सगळ्यात मोठी बातमी. ती पिशवी भरलेली दिसली की नर्स मला शाबासकी द्यायची.

श्वास मोजते म्हणून मी जिला घाबरायची, तीच ही नर्स. एका दुपारी ती कंगवा घेऊन आली. झटक्यांत आणि उलट्यांत माझ्या केसांचा पार गुंता झाला होता. तिनं काही न विचारता तेल लावलं, हळूहळू एकेक बट सोडवली आणि घट्ट वेणी घातली. "आता कशी मास्तरीण वाटून राहिली," ती म्हणाली.

त्या वेळी डोक्यातला गोंधळ जरा बसला होता. मला कित्येक दिवसांनी स्वच्छ विचार करता आला. मी स्वतःशी म्हटलं, मी वेडी नाही. मला काय झालंय ते मला माहीत आहे, आणि हे मी सांगितलं नाही तर कुणीही सांगणार नाही.

सांगितलं तो दिवस

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर मॅडम आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फाईल पाहिली, रिपोर्ट पाहिला आणि पुढे जायला लागल्या.

"मॅडम," मी म्हटलं, "मी पेन ओढते. रोज. पडायच्या आधी पण ओढलं होतं."

त्या थांबल्या. "कसलं पेन?"

"हर्बल म्हणून मिळते. आत तेलासारखं काहीतरी असते. गांजा नाही म्हणतात."

तेवढ्यात विनय आत आला. "डॉक्टर, ती काहीही बोलतेय. कित्येक दिवसांपासून तिला भास होत आहेत. आणि रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे ना?"

डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, लघवी तपासायची ही पट्टी गांज्यातलं रसायन ओळखते. कारखान्यात बनवलेलं त्याच्यासारखं दुसरं रसायन असलं, तर ते या पट्टीत दिसतच नाही. म्हणून तर ते विकणाऱ्यांना आवडतं. ते पेन कुठे आहे?"

"फेकलं," विनय म्हणाला.

"कुठे फेकलं?"

तो खाटेवरची चादर नीट करायला लागला. मग डॉक्टर मॅडमनी स्पष्टच सांगितलं. विषबाधेचा संशय आला की दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं, ते त्या कळवतील. ते टळणार नाही. पण उपचार आजपासून योग्य दिशेला जातील. "मला आरोपी शोधायचा नाहीये," त्या म्हणाल्या. "मला हिची किडनी वाचवायची आहे."

त्या गेल्यावर विनय खाटेच्या दांड्याला धरून उभा राहिला. "काय केलंस तू हे? आता नोंद होईल. पोलीस येतील. तुला कळून राहिलं का?"

"कळून राहिलं," मी म्हटलं. "तू मले वेडी ठरू देणार होता, विनय. जन्मभराची वेडी. त्यापेक्षा पोलीस आले तर येऊ दे."

तो रडला. मीही रडले. त्या संध्याकाळी सासूबाई भेटायला आल्या. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि सरळ डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली. तेच पेन, पाकिटासकट.

"बाथरूममदी सापडलं होतं," त्या म्हणाल्या. "म्याच लपवून ठेवलं. पोराची अब्रू जाईन म्हनून. आता घ्या आन् माह्या सुनेले बरी करा."

विनयला हेही माहीत नव्हतं. एकाच घरातले आम्ही तिघं तीच गोष्ट लपवत होतो.

नाव मिळालं

डॉक्टर मॅडमनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. गांज्याच्या झाडाशी या वस्तूचा संबंध नाही. मेंदूत गांजा जिथे जाऊन बसतो त्याच जागी बसणारं, पण कित्येक पट जोरात धक्का देणारं कृत्रिम रसायन बनवतात. ते वाळक्या पाल्यावर फवारतात किंवा पेनाच्या तेलात मिसळतात. कुठे कमी पडतं, कुठे जास्त. म्हणून कालच्या रिफीलनं झोप येते आणि आजच्या रिफीलनं झटके येतात. हृदय, किडनी, डोकं, कशावरही घाला पडू शकतो. काही माणसं दगावतात. त्यावर उतारा असं एकच औषध नाही. शरीराला सांभाळत राहायचं आणि विष निघून जायची वाट पाहायची.

"भास?" मायनं विचारलं.

"बहुतेक जातील. पुन्हा ओढलं तर मात्र मी काही सांगू शकत नाही."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही ओढणार." हे म्हणणं सोपं होतं. पुढचे आठवडे नव्हते. अंगाला घाम, चिडचिड, उलट्या, आणि ती झोप, जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं होतं, ती तर पार पसार झाली. एकदा मी विनयला हात जोडून म्हटलं, एकच झुरका आणून दे. तो उठला आणि त्यानं मला दवाखान्याच्या गच्चीवर उन्हात फिरवून आणलं. परत आलो तोवर ती लाट ओसरली होती. लाट ओसरते, हे मी तिथे शिकले. ओसरेपर्यंत चालत राहायचं.

किडनीचे आकडे हळूहळू उतरले. डायलिसिस टळलं.

लीगल म्हणजे काय

माझ्या उशाशी बसून विनयनं कायदा वाचायला घेतला. या वेळी पाकिटावरचा नाही, पुस्तकातला. त्याला उमगलं ते त्याच्याच भाषेत सांगते. कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे ठरावीक भाग. ही कृत्रिम रसायनं झाड नाहीत, म्हणून ती त्या व्याख्येत बसत नाहीत. विनय नेमका इथेच फसला होता. कारण त्याच कायद्यात मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांची वेगळी अनुसूची आहे, तिच्यात यातली अनेक रसायनं नावानिशी घातलेली आहेत आणि सरकार नवी नावं घालत असतं. बनवणारे मग रसायनाचं एखादं टोक बदलतात आणि म्हणतात, आता हे यादीत नाही, आता हे लीगल. ही शर्यत चालूच राहते. पाकीट विकत घेणाऱ्याला आत कोणतं रसायन आहे हे कळायला मार्ग नसतो. यादीतलं असेल तर जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा. यादीतलं नसेल तर फक्त एवढंच की त्यानं माणूस कसा मरतो हे अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि असल्या पेनांची विक्री आणि साठा तर आपल्या देशात वेगळ्या कायद्यानं बंदच आहे, आत काहीही असो.

"म्हणजे पाकिटावरचा तो शब्द?" मी विचारलं.

"तो शब्द म्हणजे नुसती शाई," विनय म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याला सापडली, जी आधी माहीत असती तर तो कॅज्युअल्टीत खोटं बोलला नसता. व्यसनात सापडलेला माणूस आपणहून मान्य दवाखान्यात उपचार घेत असेल, तर सेवनासारख्या छोट्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून सूट मिळण्याची सोय कायद्यातच आहे. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊही शकते. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, म्हणून आपला वकील गाठावा. पण दार आहे. आम्ही भिंत समजून बसलो होतो.

जबाब

पोलीस आले. एक हवालदार, वयानं मोठे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, घाबरू नका. कोणाकून घेतलं तेवढं सांगा."

त्याच्या आदल्याच दिवशी मंगेश सरांचा फोन आला होता. "मॅडम, माहं नाव नका घेऊ. घर हाये, लेकरं हायेत. मी काई धंदा थोडी करतो?"

ते धंदा करत नव्हते हे खरं होतं. ते मागवायचे आणि आम्हा दोन-तीन जणांना द्यायचे. पण दुसरंही खरं होतं. ते अजून ओढत होते, आणि इतरांना 'लीगल आहे' म्हणून देत होते. मी फोनवरच सांगितलं, "सर, मी नाव घेणार. आणि तुमी आजच दवाखान्यात जा. आपणहून गेलात तर गोष्ट वेगळी राहील." त्यांनी फोन आपटला.

विनय माझ्याशेजारी बसला होता. मी जबाब दिला. मंगेश सरांचं नाव दिलं, त्यांनी सांगितला होता तो ऑनलाइन ग्रुप दिला, पेन कुठून कसं आलं ते सांगितलं. सही करताना अक्षर वाचता येईल असं काढलं.

किंमत मोजली. क्लासच्या मालकांनी "सध्या आराम करा" म्हटलं आणि पुन्हा बोलावलं नाही. राजापेठेत भाजी घेताना दोन पालकांनी ओळख दाखवली नाही. मंगेश सरांना चौकशीला बोलावलं. प्रयोगशाळेचा अहवाल खूप उशिरा आला. तेलात कसलीही वनस्पती नव्हती. अनुसूचीतलं एक कृत्रिम रसायन होतं. माझ्यावर खटला झाला नाही, माझे उपचार चालू राहिले. ज्यांनी ते पाठवलं त्यांचा तपास अजून चालू आहे.

दीपाली

मागच्या महिन्यात एका सकाळी दारावरची बेल वाजली. मी सध्या घरीच गणिताची छोटी बॅच घेते. दारात मंगेश सरांची बायको दीपाली होती. मला वाटलं, ही भांडायला आली.

"मॅडम, त्याहिले कालपासून कसंतरी होऊन राहिलं. उलट्या. बोलता बोलता भलतंच बोलतात. छातीवर हात ठेवून बसले हायेत. दीर म्हणतात, घरीच ठेवा, बाहेर कळलं तर पोलीस आधीच मागं हायेत." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "तुमी काय सांगितलं होतं डॉक्टरले?"

मी मुलांना सुट्टी दिली, पायात चपला सरकवल्या. त्यांच्या घरी मी, दीपाली आणि तिचा कुरकुरणारा दीर, आम्ही तिघांनी मिळून मंगेश सरांना ऑटोत बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा हात बर्फासारखा गार आणि घामानं ओला होता. दीर मागून मोटारसायकलवर आला.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं तोच प्रश्न विचारला. "काही घेतात का हे? दारू, गोळ्या, कसली नशा?"

"काहीच नाही घेत," दीर म्हणाला. "मास्तर आहेत ते."

मी तोंड उघडलं, पण दीपालीनं मला हातानं थांबवलं. ती पुढे झाली. तिचा आवाज सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जात होता.

"घेतात, डॉक्टर. पेन ओढतात. तुमच्या पट्टीत ते दिसणार नाई. म्हणून मी सांगून राहिली."